पाठपोट : नौदल पोलिसांच्या बिल्ल्यांच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४

लिलावात घेतलेला डबा आज हाती आला. यादीत एवढंच लिहिलं होतं : 'नेव्हल पोलीस, मिश्र, काही दुर्मिळ'. त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांचे पैसे देऊन झालेत, आता ते विसरायचे. डब्यात धातूचे टोपीबिल्ले, कापडी बिल्ले, दंडपट्ट्या, बटणं, चांदीचं एक छोटं पदक आणि तळाशी काही सुट्या पिना.

उघडल्या उघडल्या नावं द्यायचा मोह होतो. तो आवरण्यासाठी नोंदवहीचे रकाने आधी आखले. अनुक्रमांक, पाठीचा (मागच्या बाजूचा) फोटो, पोटाचा (पुढच्या बाजूचा) फोटो, रुंदी, उंची, वजन, धातू, अडकवण्याची सोय, बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण, मुकुटाचा प्रकार. 'कुठल्या दलाचा' हा रकाना सगळ्यात शेवटी, आणि तो पेन्सिलीने भरायचा.

आतेभाऊ फोटो काढायला बसलाय. पहिलाच बिल्ला हातात घेऊन म्हणाला, "दादा, यावर सरळ लिहिलंय की कुणाचा आहे ते. मग शोधायचं काय?" म्हटलं, लिहिणारा कधीचा आहे, ते शोधायचं. त्याला पटलं नाही. पटेल.

२० जानेवारी

प्रकल्पाची हद्द आखून घेतली. 'नेव्हल पोलीस' या एका नावाखाली बाजारात तीन वेगवेगळी माणसं विकली जातात.

पहिला, जहाजावरचा शिस्तीचा अधिकारी. ब्रिटिश नौदलात त्याला मास्टर-ॲट-आर्म्स म्हणतात. शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशांना हत्यारं चालवायला शिकवणं हे त्याचं काम होतं, नाव तिथूनच आलं. पुढे हत्यारं मागे पडली आणि शिस्त उरली. त्याच्या हाताखाली आधी शिप्स कॉर्पोरल, नंतर रेग्युलेटिंग पेटी ऑफिसर. खलाशी पहिल्याला 'जाँटी' म्हणत आणि दुसऱ्याला 'क्रशर', यावरून त्यांच्यावर किती प्रेम होतं ते कळतं.

दुसरा, किनाऱ्यावरची गस्त. बंदरात उतरलेल्या खलाशांना दारूच्या गुत्त्यांतून वेळेत परत आणणारी माणसं. ही पुष्कळदा जहाजावरूनच त्या दिवसापुरती निवडलेली असत.

तिसरा, गोदीचा पोलीस. फाटकावर उभा राहणारा, बाहेर जाणाऱ्याची झडती घेणारा, कायद्याने कॉन्स्टेबल.

डब्यातल्या वस्तू तीन ढिगांत लावल्यावर एक गोष्ट लक्षात आली. जहाजावरच्या माणसाची खूण गणवेशाला शिवलेली आहे, कारण त्याचा हुद्दा हीच त्याची नोकरी. गस्तवाल्याची खूण म्हणजे दंडपट्टी, संध्याकाळी चढवायची आणि परतल्यावर उतरवून पुढच्याला द्यायची. गोदीच्या कॉन्स्टेबलकडे धातूचा बिल्ला, मुकुटासकट, कारण त्याचा अधिकार जहाजाच्या कप्तानाकडून आलेला नसून कायद्याने दिलेला आहे. अपवाद आहेत, अमेरिकेचा तर मोठाच आहे, पण ढीग लावायला हा निकष चांगला चालला.

हद्दीबाहेर : बंदर प्रशासनांचे पोलीस, नदी पोलीस, सागरी पोलीस. लंडनमध्ये थेम्स नदीवर १७९८ मध्ये पॅट्रिक कोहून आणि जॉन हॅरियट यांनी उभं केलेलं मरीन पोलीस दल हा सुंदर विषय आहे, पण ते व्यापारी मालाच्या राखणीसाठी होतं आणि १८३९ मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांत विलीन झालं. विकणारे 'मरीन' हा शब्द दिसला की सगळं एकाच पाटीखाली टाकतात. तसले दोन बिल्ले बाजूला काढून ठेवले.

२७ जानेवारी

दिवस मुकुटांवर गेला.

ब्रिटिश परंपरेतल्या बिल्ल्यावर वरचा मुकुट हे पहिलं कॅलेंडर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मुकुटाचं रेखाटन एकसारखं नव्हतं, कारागिरागणिक बदलायचं. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला तेव्हा ट्यूडर पद्धतीचा मुकुट ठरला. त्याच्या कमानी घुमटासारख्या वर चढतात. संग्राहक याला 'किंग्ज क्राउन' म्हणतात. फेब्रुवारी १९५२ मध्ये सहावा जॉर्ज वारला. दुसऱ्या एलिझाबेथने सेंट एडवर्डचा मुकुट निवडला, त्याच्या कमानी मध्ये खाली दबलेल्या असतात. हा 'क्वीन्स क्राउन'.

भिंग न घेताही हा फरक दिसतो. तरी दोन धोके आहेत.

एक म्हणजे, राजा बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी टोप्या बदलत नाहीत. गोदामातला साठा संपेपर्यंत जुना बिल्ला चालतो. म्हणून मुकुट बिल्ला कधी घडवला ते सांगतो, कधीपर्यंत वापरला ते सांगत नाही.

दुसरा धोका नवा आहे. तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला. त्यामुळे घुमटासारखा मुकुट दिसला की १९५२ च्या आधीचा, हे जुन्या संग्राहकांचं ठोक गणित आता चालणार नाही. आणखी वीस वर्षांनी या डब्यासारखा डबा उघडणाऱ्याला हे जास्त जाचेल. नोंदवहीत 'किंग्ज क्राउन' ऐवजी 'ट्यूडर, घडण जुनी' आणि 'ट्यूडर, घडण नवी' असे दोन पर्याय केले.

आणि नौमुकुट वेगळा. त्यात जहाजाची मागची बाजू आणि शीड आळीपाळीने असतात. त्याचा राजा-राणीशी संबंध नाही, त्यामुळे त्यावरून काळ काढता येत नाही. डब्यात असा एकच तुकडा आहे, त्याच्यासाठी दुसरी वाट शोधावी लागेल.

३ फेब्रुवारी

फोटो. चकचकीत बिल्ल्यावर खोलीतलं सगळं उमटतं, फोटो काढणाऱ्याच्या शर्टासकट. पांढऱ्या कागदाचा तंबू करून प्रश्न सुटला. पाठीचे फोटो मात्र उघड्यावर, एका बाजूने जमिनीसपाट दिवा ठेवून. तिरप्या उजेडात खरवडलेले आकडे आणि नंतर लावलेला डाग (वितळलेल्या धातूचा सांधा) लगेच दिसतात. बिल्ला क्र. ९ च्या पाठीवर कुणीतरी टोकदार हत्याराने आडनाव कोरलंय. ते नोंदवहीत आहे, कुठे छापायचं नाही.

१० फेब्रुवारी

आजचा दिवस गोदीच्या पोलिसांचा, आणि या डब्यातला सगळ्यात मनोरंजक वाद इथेच निघाला.

आधी गोदीला पोलीस का लागले, ते लिहून ठेवतो, नाहीतर बिल्ले नुसती खेळणी वाटतात. पोर्ट्समथ, डेव्हनपोर्ट, चॅथम, वुलिच या शाही गोद्यांमध्ये हजारो माणसं काम करायची आणि आत सागवान, ओक, तांब्याचे पत्रे, खिळे, दोरखंड, शिडाचं कापड यांचे डोंगर असायचे. कामगारांना लाकडाचे उरलेले तुकडे घरी न्यायचा जुना हक्क होता. त्या तुकड्यांना 'चिप्स' म्हणत. कुठला तुकडा उरलेला आणि कुठला मुद्दाम तोडलेला, हे कोण ठरवणार? १८०१ मध्ये हा हक्क काढून बदल्यात रोख भत्ता दिला. सरकारी मालावर बाणाच्या टोकाची खूण असे. दोरखंड वळतानाच त्यात वेगळ्या रंगाचा एक धागा घालत, म्हणजे चोरून विकलेला दोर उलगडला की मालक कळायचा. ही बाणाची खूण पुढे कितीतरी सरकारी वस्तूंवर येते, डब्यातल्या एका शिट्टीवरही आहे.

राखणीसाठी आधी पहारेकरी होते. १८३४ मध्ये त्यांच्या जागी गोदी पोलीस आले. १८६० च्या कायद्याने लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांना शाही गोद्यांमध्ये आणि त्यांच्याभोवती पंधरा मैलांपर्यंत काम करायचा अधिकार मिळाला. म्हणजे लंडनपासून कितीतरी दूर, डेव्हनपोर्टच्या फाटकावर लंडनचा पोलीस उभा. १९२२ मध्ये नौखात्याने (ॲडमिरल्टीने) रॉयल मरीन पोलीस हे स्वतःचं दल काढलं. त्यात मुख्यतः निवृत्त मरीन सैनिक घेतले, आणि १९३४ पर्यंत मेट्रोपॉलिटन पोलीस गोद्यांमधून टप्प्याटप्प्याने बाहेर पडले. १९४९ मध्ये रॉयल मरीन पोलीस आणि युद्धकाळातली जोडदलं मिळून ॲडमिरल्टी कॉन्स्टॅब्युलरी, म्हणजे नौखात्याचं पोलीस दल, झाली. १९७१ मध्ये तीही भूदल आणि हवाईदलाच्या कॉन्स्टॅब्युलरींसह मिनिस्ट्री ऑफ डिफेन्स पोलीसमध्ये मिळाली.

आता हे दलाचं आयुष्य आणि मुकुटाचं आयुष्य एकावर एक ठेवायचं.

बिल्ला क्र. ७ : रॉयल मरीन पोलीस, अक्षरं स्वच्छ, मुकुट सेंट एडवर्डचा. दल १९४९ मध्ये संपलं. तो मुकुट १९५२ नंतरचा. हा बिल्ला कुणाच्याही टोपीवर कधीच असू शकत नाही. आतेभावाला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मेल्यावर काढलेला फोटो." बरोब्बर.

बिल्ला क्र. ३ : ॲडमिरल्टी कॉन्स्टॅब्युलरी, मुकुट ट्यूडर. हा जमतो, आणि छान जमतो, कारण दल १९४९ ला सुरू आणि राजा १९५२ ला गेला. घडणीची खिडकी जेमतेम तीन वर्षांची. दिसायला हा डब्यातला सगळ्यात मळकट तुकडा आहे आणि लिलावाच्या फोटोत तो इतरांच्या खाली झाकला गेला होता.

क्र. ७ खोटा म्हणून फेकणार नाही. असल्या तुकड्यांना संग्राहक 'फँटसी' म्हणतात. खऱ्या बिल्ल्याची नक्कल म्हणजे खोटा. याचा मूळ खरा कधी नव्हताच. वेगळ्या पाकिटात, पाकिटावर लाल रेघ.

१७ फेब्रुवारी

पाठी.

पोट सगळेच बघतात, त्यामुळे नक्कल करणाराही पोटावरच मेहनत घेतो. पाठीवर त्याचा कंटाळा दिसतो. जुने ब्रिटिश बिल्ले बहुतेक पोलादी ठशांमध्ये पत्रा दाबून काढलेले असतात, म्हणून पुढे जिथे उठाव तिथे मागे खोलगा. मुकुटाचा गोळा, नांगराची दांडी, पुष्पचक्राची पानं हे सगळं उलटं होऊन मागे सापडतं. ओतीव नकलेची पाठ सपाट किंवा दाणेदार, बारीक भोकांची, कडांना कानशीचे ओरखडे.

ओतकामाची आणखी एक चुगली आहे. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेतला आणि त्यात धातू ओतला की थंड होताना तो आकसतो. तांब्याच्या मिश्रधातूंमध्ये हे आकसणं शेकडा दीड-दोन इतकं असतं. म्हणजे ५० मिलिमीटरच्या बिल्ल्यात पाऊण ते एक मिलिमीटर. डोळ्याला कळत नाही, व्हर्नियरला (बारीक माप घ्यायच्या पट्टीला) कळतं. मात्र एकाच दलाचा बिल्ला दोन कारखान्यांनी काढला तर त्यांचे ठसेही मापात वेगळे असतात, म्हणून तुलना एकाच कारखान्याच्या खात्रीच्या तुकड्याशीच करायची.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे 'रीस्ट्राइक'. ठसा मूळचा आणि खरा, पण बिल्ला त्यातून काल-परवा काढलेला. कारखाने बंद पडले, ठसे विकले गेले, कुणीतरी ते पुन्हा यंत्रावर चढवले. पोट निर्दोष, माप अचूक. इथे फक्त पाठच वाचवते : डाग लावलेल्या कड्या, डागाचा रंग, पत्र्याची जाडी. जुन्या कड्या तांब्याच्या तारेच्या, जाड, वापराने आतून झिजलेल्या. बारीक सरळ पिन घालून घालून कडीचं भोक लांबट होतं. नवीन कडी गोल, आतून कोरी. क्र. ५ वर उत्तम अक्षरं, उत्तम मुकुट आणि आयुष्यात कधी पिन न बघितलेल्या कड्या आहेत. क्र. ५ शंकेच्या पाकिटात.

बनवणाऱ्यांची नावं : क्र. ३ च्या पाठीवर 'जे. आर. गाँट, लंडन'. दोन बटणांमागे 'फर्मिन'. दोन्ही घराणी प्रसिद्ध, त्यामुळे नकलेवरही त्यांचीच नावं घालतात. नाव सापडल्याने शंका संपत नाही, ठशाच्या अक्षरांचा बारकावा बघायचा विषय सुरू होतो.

१८ फेब्रुवारी

वजनं घेतली. 'पितळी, जुना' म्हणून दिलेला क्र. १२ हातात घेताच हलका लागला. सोनेरी झाक दिलेलं ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचं वजन पितळेच्या साधारण एक तृतीयांश. असले 'स्टेब्राइट' बिल्ले ब्रिटिश सैन्यदलांत दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात रुळले. त्यावर मुकुटही सेंट एडवर्डचा आहे, म्हणजे बिल्ला स्वतःशी प्रामाणिक आहे, 'जुना' हा शब्द विकणाऱ्याचा.

क्र. १५ वर क्रोमचा मुलामा. क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर १९२० च्या दशकात आला, त्यामुळे त्याच्या आधीची कुठलीही तारीख इथेच बाद.

लोहचुंबक सगळ्यांवर फिरवला. दोन पिना चिकटल्या, बिल्ला एकही नाही.

२ मार्च

चांदीचं पदक. लिलावाच्या यादीत त्याच्या फोटोखाली 'नेव्हल, अँकर मार्क' असं होतं आणि बहुधा त्यावरच किंमत चढली.

नांगर आहे खरा, पण तो पाठीवर, सिंहाच्या शेजारी, ज्वारीच्या दाण्याएवढा. ही बर्मिंगहॅमच्या चांदी-परीक्षण कार्यालयाची खूण. हे कार्यालय १७७३ मध्ये, मॅथ्यू बोल्टनच्या खटपटीने निघालं. त्याच वेळी शेफील्डलाही मिळालं. बर्मिंगहॅमला नांगर, शेफील्डला मुकुट. सांगतात की दोन्ही शहरांची माणसं लंडनमध्ये 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत जमायची आणि खुणा तिथल्या पाटीवरून वाटून घेतल्या. बर्मिंगहॅम समुद्रापासून चांगलंच दूर आहे, हे मात्र दंतकथा नाही.

ब्रिटिश बिल्ले आणि पदकं घडवण्याचं मोठं केंद्र बर्मिंगहॅमच, त्यामुळे पायदळाच्या, शाळांच्या, बागकाम स्पर्धांच्या चांदीवरही हाच नांगर मिळणार. आणि शेफील्डचा मुकुट (१९७५ पासून तिथे गुलाब आहे) दिसला की कुणीतरी 'राजघराण्याचा' म्हणून विकणार.

हॉलमार्कचा खरा फायदा वर्षाचं अक्षर. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. नांगर म्हणजे शहर. अक्षर म्हणजे वर्ष, पण जुन्या पद्धतीत बर्मिंगहॅमचं अक्षर जुलैत बदलायचं, म्हणून एक अक्षर दोन इंग्रजी वर्षांवर पसरतं. नोंदवहीत तसंच लिहायचं, मध्ये तिरपी रेघ देऊन.

पदकाच्या पोटावर दोरीच्या ओढाओढीचं चित्र आहे, दलाचं नाव नाही. नौदल पोलिसांच्या यादीतून बाहेर. आतेभावाला आवडलंय, त्याला दिलं.

९ मार्च

कापडी बिल्ले. धातूवाले संग्राहक यांच्याकडे जरा वरून बघतात, का ते मला कळलेलं नाही. जहाजावरच्या पोलिसाची खरी खूण कापडावरच आहे.

मास्टर-ॲट-आर्म्सची खूण म्हणजे पुष्पचक्रात मुकुट, रेग्युलेटिंग पेटी ऑफिसरची नुसता मुकुट. अडचण अशी की पुष्पचक्रातला मुकुट ब्रिटिश भूदलातही वॉरंट ऑफिसरच्या एका दर्जाला आहे. आकृतीवरून भांडण सुटत नाही, रंगावरून सुटतं. ब्रिटिश नौदलात निळ्यावर सोनेरी जर हा समारंभाच्या गणवेशाचा, निळ्यावर लाल हा रोजच्या, पांढऱ्यावर निळा हा उष्ण प्रदेशातल्या गणवेशाचा. डब्यातल्या चारांपैकी एक खाकी कापडावर आहे, तो भूदलाचा. निळ्यावर लाल असलेला ठेवला. जरीचा एक आहे, जर काळवंडलेली, मागे जाड कागद आणि खळ. उत्तम.

अतिनील दिवा : कापडाला आणि दोऱ्याला उजळपणा आणणारी रसायनं महायुद्धानंतर, १९५० च्या सुमारास सर्रास वापरात आली. ती अतिनील उजेडात निळसर-पांढरी चमकतात. म्हणून '१९२०' म्हणून विकलेला बिल्ला दिव्याखाली पेटला की विषय संपतो, असं बहुतेक जण मानतात. मी मानत नाही. आजच्या कपडे धुण्याच्या पावडरीतही तीच रसायनं असतात. कुणीतरी हौसेने धुतलेला खरा जुना बिल्लाही चमकेल. तेव्हा चमक कुठे आहे ते बघायचं. सगळीकडे पसरट असेल तर धुलाईचा संशय, फक्त दोऱ्यातच स्वच्छ असेल आणि खालचं कापड काळं राहिलं तर दोरा नवा.

लालवाला चमकला नाही. पांढऱ्यावरचा निळा सबंध चमकला. पांढरा गणवेश होता, धुतलाच असणार. त्याला पेन्सिलीत प्रश्नचिन्ह.

दोरा जाळून बघायचा सल्ला बरेच जण देतात. माझ्या टेबलावर काडेपेटी येणार नाही.

१६ मार्च

अमेरिका, म्हणजे वर म्हटलेला अपवाद.

इथे मास्टर-ॲट-आर्म्स धातूचा बिल्लाही लावतो, ढालीच्या आकाराचा, मध्ये तारा. त्यांच्या शाखेचा इतिहास मध्येच तुटलेला आहे. त्यांची परंपरा १७९७ पासून मोजतात, १९२१ मध्ये हा स्वतंत्र हुद्दा बंद झाला आणि १ ऑगस्ट १९७३ ला पुन्हा सुरू झाला. ब्रिटिश उदाहरणावरून हात शिवशिवतात की १९२१ ते १९७३ मधलं सगळं खोटं म्हणून टाकावं. तसं नाही. हुद्दा बंद होता, काम बंद नव्हतं. जहाजावर कुणाला तरी जादा जबाबदारी म्हणून ते दिलं जायचं, आणि त्याच्या छातीवर धातूचा बिल्ला असायचा. म्हणजे त्या काळातला बाहीवरचा हुद्द्याचा कापडी बिल्ला संशयास्पद, पण धातूची ढाल नाही. धातूच्या बिल्ल्याचा संबंध हुद्द्याशी नसून त्या दिवशीच्या कामाशी आहे, अगदी दंडपट्टीसारखा. मग मी २० जानेवारीला केलेले ढीग तसे मोडत नाहीत, फक्त अमेरिकेत ढाल दंडपट्टीच्या ढिगात जाते.

दंडपट्टी : गडद निळी, पिवळी 'एसपी' अक्षरं, शोअर पेट्रोलची. आतल्या बाजूला तेलकट डाग, कडेला दोन वेगवेगळ्या अंतरांवर बंदाच्या शिवणीच्या खुणा, म्हणजे जाड आणि बारीक अशा दोन्ही दंडांवर बसलेली. ही वापरली गेली आहे. या वस्तूच्या नकला पोत्याने मिळतात, कारण शिवायला काहीच लागत नाही. पण दोन शिवणींचं नाटक कुणी करत नाही.

२३ मार्च

भारत आणि पाकिस्तानचे दोन टोपीबिल्ले, नौदलाचे. पोलीस शाखेचेच असं त्यांच्यावर काही नाही, पण मुकुटाच्या गणितासाठी ते सोन्यासारखे.

रॉयल इंडियन नेव्ही हे नाव १९३४ चं. २६ जानेवारी १९५० ला 'रॉयल' गेलं, मुकुट गेला, सारनाथचे सिंह आले. सेंट एडवर्डचा मुकुट १९५२ नंतरचा. म्हणून भारतीय नौदलाच्या कुठल्याही खऱ्या बिल्ल्यावर तो येऊच शकत नाही, मग तो रेग्युलेटिंग (शिस्तीच्या) शाखेचा असो की स्वयंपाक्याचा. पाकिस्तान मात्र १९५६ मध्ये प्रजासत्ताक होईपर्यंत राणीला मानत होता आणि त्याचं नौदल रॉयल पाकिस्तान नेव्ही होतं. तिथे तो मुकुट शक्य आहे, खिडकी चार वर्षांची.

दोन शेजारी, एकाच नौदलातून वाटून घेतलेली जहाजं, आणि एका मुकुटावरून दोघांची वर्षं वेगळी करता येतात. आपला, म्हणजे भारताचा, तुकडा ट्यूडर मुकुटाचा आहे, कड्या झिजलेल्या. दोन्ही जमले.

३० मार्च

आकडे. एका कॉलरवरच्या दोन अंकी क्रमांकावरून 'माणूस शोधून द्या' असं एका ओळखीच्या संग्राहकाने कळवलंय. मन मोडावं लागणार.

मेट्रोपॉलिटन पोलिसांत दोन क्रमांक असतात. वॉरंट क्रमांक भरती होताना मिळतो आणि तो त्या माणसाचाच राहतो. कॉलरवरचा क्रमांक विभागाचा, माणूस बदलीवर गेला की तोच दुसऱ्याला. लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एमईपीओ ४' मालिकेत भरतीच्या आणि नोकरी सोडण्याच्या नोंदवह्या आहेत, 'एमईपीओ ७' मध्ये रोजचे पोलीस आदेश. आदेशांमध्ये बदल्या येतात. म्हणजे वाट आहे, पण ती माणसाकडून क्रमांकाकडे जाते, क्रमांकाकडून माणसाकडे नाही. बिल्ल्याबरोबर एखादं पत्र, फोटो, निवृत्तीचा कागद असेल तर आशा. नुसता अंक म्हणजे नुसता अंक. खलाशी असेल तर 'एडीएम १८८' बघायचं, ते वेगळं दालन.

याच कारणासाठी लिलावात बिल्ले आणि कागद वेगवेगळ्या गठ्ठ्यांत विकणाऱ्यांचा मला राग येतो. पैसे दुप्पट होतात आणि माणूस कायमचा हरवतो.

६ एप्रिल

साठवण. डब्याच्या तळाशी हिरवा फेल्ट होता, काढून टाकला. लोकरीतून गंधकाची संयुगं सुटतात आणि चांदी काळी पडते. रबरबँडचंही तेच. ओकच्या लाकडी पेट्या दिसायला रुबाबदार, पण त्यातून आम्ल सुटतं. मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटांमधून चिकट द्रव पाझरतो आणि पितळेवर हिरवा कळक चढतो. तीन बिल्ल्यांवर तो आलाच होता, लाकडी टोकाने हलके काढला. आता सगळं आम्लमुक्त कागदात आणि पॉलिएस्टरच्या पाकिटांत, प्रत्येक कप्प्यात सिलिका जेल.

घासून चमकवणं बंद. गोदीच्या पोलिसाने रोज सकाळी ब्रासो लावून नांगराच्या फाळांची धार घालवली, तर ती झीज त्याची आहे, तो त्या बिल्ल्याचा इतिहास आहे. मी घासलं तर नुसतं पितळ कमी होईल. लिलावासाठी चकचकीत केलेला बिल्ला लगेच ओळखू येतो : उठाव धारदार, पण खोलग्यातही चमक. रोजच्या हातात उलट होतं, उंचवटे गुळगुळीत आणि खोलग्यात पॉलिशचा पांढरा-हिरवा चुरा बसलेला.

२० एप्रिल

जर्मन नौदलाच्या किनारी पोलिसांचा, मरीन-क्युस्टेनपोलित्साय, गळ्यातला साखळीचा पत्रा कुणीतरी देऊ केला. नाही म्हटलं. एक तर या वर्गातल्या वस्तूंच्या नकला खऱ्यांपेक्षा जास्त फिरतात. दुसरं, पाठीचा फोटो मागितला तर पोटाचाच आणखी मोठा फोटो आला. एवढं पुरे होतं.

त्या निमित्ताने कायद्याची बाजू वहीत उतरवली, कारण बिल्ला टपालाने देश ओलांडतो. जर्मनीत नाझी चिन्हं जाहीर दाखवायला फौजदारी संहितेच्या कलम ८६अ ची बंदी आहे, संशोधन आणि शिक्षणाला सूट. तिथल्या लिलावांच्या फोटोंत चिन्हावर पट्टी दिसते ती त्यामुळे. ब्रिटनमध्ये पोलीस कायदा १९९६ चं कलम ९० : पोलिसी गणवेशाचा भाग बाळगलात तर तो कायदेशीर मार्गाने आला आणि कायदेशीर हेतूने ठेवलाय, हे दाखवता आलं पाहिजे. अमेरिकेत संघीय कायद्याच्या शीर्षक १८ मधलं कलम ७१६ पोलिसी बिल्ल्यांच्या देवाणघेवाणीवर बंधन घालतं, पण निव्वळ आठवण किंवा संग्रह म्हणून ठेवलेल्याला बचाव आहे. या तिन्हींतून व्यवहारात एकच सवय निघते : पावती बिल्ल्याच्या पाकिटातच ठेवायची. आणि चालू वापरातला बिल्ला घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त मिळो.

२७ एप्रिल

पेन्सिलीवर शाई फिरवली. क्र. ३, लाल कापडी मुकुट, जरीचं पुष्पचक्र, 'एसपी' पट्टी आणि पाकिस्तानचा बिल्ला नावानिशी नक्की. भारताचा ट्यूडर मुकुटवालाही नक्की, मात्र शाखेच्या रकान्यात 'नौदल, सर्वसाधारण' एवढंच. क्र. ५ रीस्ट्राइकच्या संशयात. त्याच कारखान्याचा खात्रीचा जोडीदार मिळाला की व्हर्नियर लावून निकाल. क्र. ७ लाल रेघेच्या पाकिटात. नौमुकुटवाल्या तुकड्याचा 'कुठल्या दलाचा' हा रकाना अजून कोरा.

आतेभावाने परवा स्वतःहून एक बिल्ला आणला, कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीच्या सुरक्षारक्षकाचा. त्यावर नांगर आहे. माझ्या हातात देताना त्याने तो आधीच पालथा केला होता. बसवायचे दोन स्क्रू, मागे बनवणाऱ्याचं नाव नाही, क्रोम. नौदलाशी संबंध शून्य. अनुक्रमांक दिला नाही, पण मोजमापं त्याने स्वतःच घेतली.

पुढचं काम : दंडपट्ट्यांच्या शिवणींचे जवळून फोटो, आणि नौमुकुटवाल्याच्या पाठीवरचा अर्धवट ठसा तिरप्या उजेडात पुन्हा. शेवटचं अक्षर 'एन' आहे की 'एच', यावर आमचं एकमत नाही.